दर्शनांतील शब्द आणि आपली बोली

गेल्या पावसाळ्यांत आमच्या मंडळींतील एका बाईचें चार वर्षांचें लेकरूं तापानें दगावलें. तिसऱ्या दिवशीं आम्ही तिच्या घरीं गेलों, तेव्हां ती चुलीपाशीं बसली होती. चूल पेटविलेली नव्हती. पुष्कळ वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मग तिनें विचारिलें, "पाळकसाहेब, मागल्या जन्मी मी असं काय केलं होतं हो?" हा प्रश्न तुझ्या मनांत कोणी घातला, असें आम्हीं विचारिलें. तेव्हां कळलें कीं, समाचाराला आलेल्या शेजारणींबरोबर आपल्या उपदेशकानेंहि तिला म्हटलें होतें, "बाई, प्रारब्ध होतं; त्याला आपण काय करणार?" उपदेशक कोमळ मनाचा मनुष्य आहे. जें झालें तें टाळतां येण्यासारखें नव्हतें, एवढेंच त्याला सांगावयाचें होतें. परंतु बाईचें माहेर पोथी-कीर्तन ऐकणाऱ्या घराण्यांतलें. प्रारब्ध ह्या शब्दाचा अर्थ तिला उपदेशकापेक्षां अधिक ठाऊक होता. त्यानें सांत्वन केलें, तिनें आरोप ऐकला.

उपदेशक बंधूंनो, आपण रोज जे शब्द उच्चारितों त्यांपैकीं पुष्कळ शब्द दर्शनशास्त्रांच्या घरचे आहेत. आत्मा, कर्म, मोक्ष, माया, गुण, अवतार हे आपल्या प्रार्थनेंत, गायनांत व बाजारच्या उपदेशांत येतात. टाकून देऊं म्हटलें तरी ते टाकतां यावयाचे नाहींत. मराठीस दुसरे शब्द कोठून आणावयाचे? इ. स. १६१६ मध्यें फादर स्टीफन्स ह्यांचें ख्रिस्तपुराण गोमांतकांत राशोल येथें छापलें गेलें, त्यांतहि स्वर्गास वैकुंठ म्हटलेलें आहे. पंडिता रमाबाईंनीं बायबलाचें भाषांतर मुद्दाम सोप्या मराठींत केलें. तरी केडगांवच्या आपल्या संस्थेस त्यांनीं जें नांव दिलें तें मुक्ति हेंच. तेव्हां शब्द वापरावे लागणारच. ऐकणाराच्या कानीं ते काय होऊन पोंचतात, हें मात्र आपण जाणलें पाहिजे.

दर्शन म्हणजे पाहणें. देवळांत जाऊन घेतात तें दर्शन निराळें. येथें दर्शन म्हणजे जग, जीव व ईश्वर ह्यांकडे पाहण्याची एक सबंध रीत. वेदास प्रमाण मानणारीं सहा दर्शनें सांगतात: गौतमाचें न्याय, कणादाचें वैशेषिक, कपिलाचें सांख्य, पतंजलीचें योग, जैमिनीची पूर्वमीमांसा आणि बादरायणाची उत्तरमीमांसा, जिला वेदान्त म्हणतात. वेदास प्रमाण न मानणारे बौद्ध, जैन व चार्वाक हे वेगळे. शिवाय वेदान्तांतच शंकराचार्यांचें अद्वैत, रामानुजाचार्यांचें विशिष्टाद्वैत, मध्वाचार्यांचें द्वैत अशीं निरनिराळीं घरें आहेत. हीं नांवें पाठ करण्याचें कारण नाहीं. ह्या सर्वांचे शब्द बहुधा तेच आहेत आणि अर्थ मात्र तेच नाहींत, एवढें लक्षांत ठेविलें तरी पुरे. सर्वच दर्शनें ईश्वरास जगाचा कर्ता मानितात असेंहि नाहीं. सांख्यकारिकेंत सृष्टिकर्त्या ईश्वरास स्थान नाहीं, आणि जुन्या मीमांसकांनीं तर तशा ईश्वराचें खंडन केलें आहे. म्हणून "हिंदु शास्त्र असें म्हणतें कीं" अशा शब्दांनीं ज्यानें उपदेशास आरंभ केला तो पहिल्याच पावलास अडखळला, असें आम्ही समजतों.

दुसरी अडचण आपल्या बोलीची. शब्द शास्त्रांतून गांवांत राहावयास आला म्हणजे त्याचा अर्थ पालटतो. शेजारी भेटला कीं आपण विचारितों, "प्रकृति कशी आहे?" सांख्यांची प्रकृति म्हणजे ज्या अचेतन मूळ कारणापासून बुद्धि, अहंकार, इंद्रियें व पंचमहाभूतें निघालीं तें, तिला पडसें-खोकला कांहीं होत नाहीं. औषधाला गुण आला असें आपण म्हणतों, शाळेंत मुलास गुण मिळतात. सांख्यांत सत्त्व, रज व तम हे गुण म्हणजे त्या प्रकृतीचे घटकच होत. गुण ह्या शब्दाचा दोरी असाहि अर्थ आहे, म्हणून तीन पेडांच्या दोराचा दृष्टान्त देतात. पदार्थ म्हणजे आपल्याकडे ताटांत वाढलेले. वैशेषिकांचे पदार्थ म्हणजे द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय व अभाव, म्हणजे जें जें ज्ञानाचा विषय होतें त्याचे सात वर्ग. द्रव्य म्हणजे आपला पैसा. त्यांचीं द्रव्यें नऊ, आणि त्यांत पृथ्वी व पाणी ह्यांबरोबर काल, आत्मा व मन हींहि मोजलेलीं. अनुमान म्हणजे आपण अंदाज समजतों. नैयायिकांचें अनुमान म्हणजे डोंगरावर धूर दिसला तर तेथें अग्नि आहे असें हेतु व उदाहरण देऊन सिद्ध करणें. "आपलं एक माझं अनुमान" असें तेथें चालत नाहीं.

माया ह्या शब्दाविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण येथें आमचीच एकदां फजिती झाली आहे. सेमिनरींतून नुकतेच बाहेर पडलों होतों. एका बाजाराच्या गांवीं पिंपळाच्या पारावर उभे राहून आम्हीं मोठ्या आवेशानें सांगितलें कीं, तुमचें शास्त्र ह्या जगास माया म्हणतें, म्हणजे खोटें म्हणतें. तर मग ही बैलजोडी खोटी, हा बाजार खोटा, आणि तुम्हांस लागलेली भूकहि खोटी! लोक हंसले. आम्हांस वाटलें, जिंकलें. गर्दी पांगल्यावर गळ्यांत तुळशीची माळ असलेला एक म्हातारा वारकरी जवळ आला आणि शांतपणें म्हणाला, "पाद्रीबुवा, तुम्ही ज्याला पाडलंत तो आमच्यातला कोणी नव्हताच." त्या वेळीं आम्हांस राग आला. पुढें भाष्यें वाचूं लागलों तेव्हां म्हातारा खरें बोलला असें कळून आलें.

मराठींत माया म्हणजे ममता, आईची माया. माया म्हणजे पैसाहि, अमक्यानें पुष्कळ माया जमविली. शिंपी कापड बेततांना शिवणीसाठीं माया सोडतो. ऋग्वेदांत माया म्हणजे वरुण, इंद्र अशा देवांचें अद्भुत सामर्थ्य, आणि कधीं शत्रूंचें कपट. श्वेताश्वतर उपनिषदांत माया म्हणजे प्रकृति, व तिचा धनी महेश्वर. आठव्या शतकाच्या सुमारास झालेल्या शंकराचार्यांच्या भाष्यांत माया हा शब्द येतो खरा, परंतु त्यांच्या अधिक वापरांतला शब्द अविद्या हा आहे. अद्वैत्यांचा प्रसिद्ध दृष्टान्त असा: अंधारांत दोर पडला आहे, मनुष्यास तो साप वाटतो, तो दचकतो, त्याला घाम सुटतो. दिवा आणितांच साप नाहींसा होतो. तो साप खरा होता काय? नाहीं, दिव्यापुढें तो टिकला नाहीं. मग मुळींच नव्हता काय? तसेंहि म्हणतां येत नाहीं, कारण मनुष्य तर खरोखर दचकला. सशाच्या शिंगाला कोणी भीत नाहीं. ह्याप्रमाणें जें सत् म्हणतां येत नाहीं व असत् ही म्हणतां येत नाहीं, त्यास ते मिथ्या म्हणतात. मराठींत मिथ्या म्हणजे लबाडीचें. तेथें तसा अर्थ नाहीं. आणि ब्रह्मज्ञान होईपर्यंत व्यवहारांत बैल हा बैलच व भूक ही भूकच, असें ते स्पष्ट सांगतात. ह्यास व्यावहारिक सत्ता असें नांव आहे. दोरावरचा साप आणि बाजारांतला बैल ह्यांस ते एका मापानें मोजीत नाहींत.

अधिक नवल पुढेंच आहे. बाहेरच्या वस्तु नाहींतच, जें आहे तें केवळ ज्ञान, असें म्हणणारे विज्ञानवादी बौद्ध होऊन गेले. त्यांस शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावरील भाष्यांत उत्तर दिलें आहे. त्याचा भाव असा कीं, जेवून तृप्त झालेल्या मनुष्यानें आपण जेवलोंच नाहीं म्हणावें, तसें तुमचें हें बोलणें आहे. म्हणजे पारावर उभे राहून आम्हीं जी कोटी शंकराचार्यांवर केली, ती त्यांनींच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं दुसऱ्यावर करून ठेविली होती!

ह्याचा अर्थ अद्वैतावर आक्षेप घेतां येत नाहींत असा नव्हे. रामानुजाचार्यांनीं श्रीभाष्यांत अविद्येच्या मतावर सात आक्षेप घेतले. त्यांतला एक असा: ही अविद्या राहते कोठें? ब्रह्मांत म्हणावें, तर ब्रह्म ज्ञानरूप. जीवांत म्हणावें, तर जीव स्वतःच तुमच्या मतें अविद्येचें कार्य. तेराव्या शतकांत मध्वाचार्यांनीं ईश्वर, जीव व जड ह्यांचे भेद खरेच आहेत असें प्रतिपादिलें. आणि आपल्या महाराष्ट्रांत ज्ञानेश्वरांनीं अमृतानुभवाचें एक सबंध प्रकरण अज्ञानाच्या खंडनास दिलें. जग हें त्यांस चैतन्याचाच विलास दिसतें. तेव्हां माळ घातलेल्या म्हाताऱ्यापुढें मायावाद पाडणें म्हणजे चुलत्याचा दावा पुतण्यावर लावणें झालें.

ह्या कामीं रेव्ह. नेहेम्या गोऱ्हे ह्यांचा कित्ता घ्यावा. नीलकंठशास्त्री काशींत वाढले, प्रथम त्यांनीं ख्रिस्ती मताविरुद्धच संस्कृतांत ग्रंथ लिहिला, इ. स. १८४८ मध्यें त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि १८६० मध्यें त्यांचा षड्दर्शनदर्पण हा हिंदी ग्रंथ निघाला. त्यांत दर्शनांचें म्हणणें आधीं मांडिलें आहे, परीक्षा मागाहून. शास्त्री लोक ह्यास पूर्वपक्ष म्हणतात: प्रतिपक्ष्याचें मत त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत सांगावयाचें आणि मगच उत्तर द्यावयाचें. गोऱ्ह्यांचे सर्व निकाल आम्हांस पटतात असें नाहीं, कोठें कोठें ते फार कडक होतात. परंतु शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची आज्ञा त्याच्या शास्त्राविषयींहि लागू आहे, हें त्यांच्या रीतीवरून शिकावें.

आतां आत्मा. आपल्या बायबलांत हा शब्द इब्री रूआह व ग्रीक न्यूमा ह्यांच्यासाठीं योजला आहे; त्या दोहोंचा अर्थ वारा, श्वास असाहि होतो. जीव हा शब्द प्सूखे ह्या दुसऱ्या ग्रीक शब्दासाठीं. म्हणूनच थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत आत्मा, जीव व शरीर हीं तीन नांवें एकत्र येतात. परंतु ऐकणारा आपल्या घरचा अर्थ घेऊन बसलेला असतो. अद्वैत्याच्या मतें आत्मा एकच व तोच ब्रह्म. तो कधीं बांधला गेला नाहीं व कधीं मळला नाहीं. सांख्य त्यास पुरुष म्हणतात. असे पुरुष अनंत, पण ते केवळ पाहणारे, करीत कांहीं नाहींत. (येथें पुरुष म्हणजे बाप्या असें समजूं नये, स्त्रीच्या ठायींहि पुरुषच.) नैयायिकाच्या मतें आत्मा हें द्रव्य, आणि ज्ञान हा त्याचा येणारा-जाणारा गुण. रामानुजीय म्हणतो, जीवात्मा अणु असून तो ईश्वराच्या शरीराप्रमाणें आहे. बौद्ध म्हणतो, असा नित्य आत्मा नाहींच.

एका गांवीं शाळेच्या गुरुजींनीं आमच्या उपदेशकास विचारिलें, "तुम्ही पवित्र आत्मा म्हणतां, मग अपवित्र आत्मा कोणता?" उपदेशकानें शुभवर्तमानांतील अशुद्ध आत्म्यांचीं उदाहरणें दिलीं आणि घोटाळा वाढविला, गुरुजींस वाटलें, हे भुतांविषयीं बोलत आहेत. प्रश्न थट्टेचा नव्हता. आत्मा स्वभावतःच निर्मळ, मग त्यास पवित्र हें विशेषण कशाला, असा त्यांचा आशय होता. त्यांस सांगावयास पाहिजे होतें तें हें कीं, आम्ही ज्यास पवित्र आत्मा म्हणतों तो मनुष्याच्या आंत मुळापासून असलेलें तत्त्व नव्हे. तो देवाचा आत्मा, देव स्वतः, आणि मनुष्य हा त्यानें निर्माण केलेला. मग वाद झाला असता तरी खऱ्या ठिकाणीं झाला असता. आणखी एक गोष्ट: कबरेपाशीं प्रार्थना करितांना कित्येक बंधु "ह्याचा आत्मा परमात्म्यांत विलीन झाला" असें म्हणून जातात. वाक्य कानाला गोड आहे, परंतु तें अद्वैताचें आहे. आपण मतांगीकारांत शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवितों असें म्हणतों. तेथें मनुष्य नाहींसा होत नाहीं.

अवताराविषयीं थोडेंच. बोलींत "काय हा अवतार!" म्हणजे मळके कपडे व विस्कटलेले केंस. गीतेच्या चौथ्या अध्यायांतला अवतार युगायुगांत पुनः पुनः होणारा. येशू एकदांच देहधारी झाला असें आपणांस सांगावयाचें असतें, म्हणून देहधारण हा शब्द बरा. अवतार म्हटलाच, तर एकदांच हें लागलीच जोडावें.

मोक्ष व मुक्ति हे दोन्ही शब्द सोडणें ह्या अर्थाच्या मुच् धातूपासून आले आहेत. तेव्हां कशापासून सुटका, हें प्रथम विचारावें. दर्शनांत ती बहुधा जन्ममरणाच्या फेऱ्यापासून. पुढची स्थिति मात्र एक नाहीं. सांख्यांचें कैवल्य म्हणजे पुरुषानें प्रकृतीपासून वेगळें, एकटें होऊन राहणें. नैयायिकांच्या अपवर्गांत दुःख नाहीं, पण सुख व ज्ञानहि नाहीं. ही मुक्ति म्हणजे दगड होणें, अशी थट्टा श्रीहर्षानें नैषधचरितांत चार्वाकाच्या तोंडीं घातली आहे. भक्तिमार्गांत सलोकता, समीपता, सरूपता व सायुज्यता अशा चार मुक्ति सांगतात, आणि आपले संत तर कित्येकदां मोक्ष नको, भक्ति दे, म्हणून पुनः जन्म मागतात. आपला तारण हा शब्द पार नेणें ह्या अर्थाचा. त्यांत सुटण्याबरोबर नेणाराहि आला. म्हणून उपदेशांत तोच अधिक योजावा असें आमचें मत आहे.

कर्म हा शब्द शेवटीं ठेविला, कारण त्या बाईचें काळीज ह्याच घरच्या एका शब्दानें दुखविलें. कर्म म्हणजे जें केलें जातें तें. शाळेंत कर्ता, कर्म, क्रियापद शिकतों, तें व्याकरणाचें कर्म. वैशेषिकांचें कर्म म्हणजे हालचाल; वर फेंकणें, खालीं टाकणें, आखडणें, पसरणें व जाणें असे त्याचे पांच प्रकार, त्यांत पापपुण्याचा प्रश्नच नाहीं. मीमांसकांचें कर्म म्हणजे वेदानें सांगितलेलें यज्ञादि कृत्य. यज्ञ आज केला आणि स्वर्ग मरणानंतर, तर मधल्या काळीं फळ कोठें राहतें, ह्यासाठीं त्यांनीं अपूर्व नांवाची शक्ति मानिली. नैयायिक पुण्यपापाच्या ह्या सांठ्यास अदृष्ट म्हणतात, आणि त्याप्रमाणें फळ वांटणारा ईश्वर असलाच पाहिजे असें अनुमान करितात. जैनांचें कर्म हें सूक्ष्म द्रव्य. तेल लावलेल्या अंगास धूळ चिकटावी तसें तें जीवास चिकटतें. बुद्धानें कर्माचें मूळ मनांतल्या हेतूंत पाहिलें. आणि आपण गांवांत कपाळावर हात मारून "माझं कर्म!" म्हणतों. गंमत अशी कीं, "कर्मधर्मसंयोगानें भेट झाली" असें म्हणतों तेव्हां सहजगत्या, ध्यानींमनीं नसतांना, असा अर्थ असतो. कर्मवादांत तर सहजगत्या कांहींच घडत नाहीं.

वेदान्ती कर्माचे तीन भाग करितात. शेतकऱ्यास ते लौकर समजतील. कणगींत सांठलेलें धान्य तें संचित. त्यांतून काढून शिजत घातलेलें तें प्रारब्ध, म्हणजे ज्याच्या फळास आरंभ झाला तें. आणि आज जें पेरीत आहों तें क्रियमाण. ज्ञान झालें म्हणजे संचित जळून जातें, पण प्रारब्ध भोगूनच संपवावें लागतें, धनुष्यापासून सुटलेल्या बाणाप्रमाणें. ह्याचा अर्थ हातपाय गाळून बसावें असा शास्त्रकार करीत नाहींत. योगवासिष्ठांत दैवापेक्षां पौरुष श्रेष्ठ म्हणून पुष्कळ प्रतिपादन आहे. आमच्या हिंदु शेजाऱ्यांस ह्या मतापासून सोसण्याचें बळ येतें, जगांत न्याय आहे असा भरंवसा येतो, हेंहि आम्हीं पाहिलें आहे. तरी प्रारब्ध म्हणजे पूर्वजन्मींच्या कृत्यांचें फळ, ह्यांत फरक नाहीं. लेकरूं गेलेल्या आईला "प्रारब्ध होतं" म्हटलें, म्हणजे हें तुझ्या किंवा त्या लेकराच्या करणीचें फळ, असें म्हटलें.

योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत शिष्यांनीं जन्मांधाविषयीं हाच प्रश्न विचारिला आहे: पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें? येशूनें दोन्ही नाकारिलीं. आणि दोष केवळ संस्कृत शब्दाचा आहे असें समजूं नये. ईयोबाच्या मित्रांस प्रारब्ध हा शब्द ठाऊक नव्हता, तरी त्यांनीं त्याला तेंच ऐकविलें. आपल्या मंडळ्यांतहि कोणी आजारी पडला कीं "कांहीं तरी पाप लपविलं असेल" म्हणणारे निघतात, आणि गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायांतलें पेरणीचें वचन पुढें करितात. तें वचन देहस्वभावानें पेरणें व आत्म्यानें पेरणें ह्यांविषयींचें आहे. कोणाच्या घरचें मरण मोजण्याचें तें माप नव्हे.

त्या दिवशीं बाईपुढें आम्हीं संचित आणि क्रियमाण कांहीं काढिलें नाहीं. नववा अध्याय वाचून दाखविला आणि सांगितलें कीं, तूं कांहीं केलेलें नाहींस. तिनें विचारिलें, "मग कशामुळं?" तें आम्हांस ठाऊक नाहीं, असें आम्हीं सांगितलें. दुसऱ्या दिवशीं उपदेशक आपण होऊन तिच्याकडे गेला, आणि त्या शब्दाचा आपल्या मनांतला अर्थ काय होता तें सांगून त्यानें तिची क्षमा मागितली. हें त्यानें आम्हांस कळविलें नाहीं, बाईनेंच सांगितलें.

पुढील मासिक सभेस येतांना प्रत्येक उपदेशकानें आपल्या गांवच्या कीर्तनांत, पारावर किंवा घरोघर ऐकलेले दोन शब्द, बोलणारानेंच विचारल्यावर सांगितलेल्या अर्थासह, वहींत लिहून आणावे. संस्कार व वैराग्य हे दोन आमच्याकडे आधींच आलेले आहेत. ते सोडून दुसरे आणावे.